परग्रहाच्या चित्रात मोजलेलं किती, रंगवलेलं किती

‘पृथ्वीसारखा नवा ग्रह सापडला’ अशी बातमी आली की तिच्याबरोबर एक चित्र हमखास असतं. निळसर गोळा, त्यावर ढगांचे पट्टे, मागे तांबूस सूर्य. हे चित्र दुर्बिणीतून घेतलेलं नसतं, चित्रकाराने काढलेलं असतं. सूर्यमालेबाहेरचे सहा हजारांहून अधिक ग्रह आजवर नोंदले गेले आहेत. त्यांतले अगदी थोडे थेट कॅमेऱ्यात आले, तेही ताऱ्याशेजारचा एक ठिपका म्हणून. बाकीच्यांबद्दल खगोलशास्त्रज्ञांच्या हाती दोन-तीन आकडे असतात: वर्ष किती दिवसांचं, व्यास किती, वस्तुमान किती. समुद्र, डोंगर, आकाशाचा रंग हे सगळं त्या आकड्यांवर चढवलेलं असतं. चढवणारा ते आपल्या काळातून, आपल्या मुलखातून आणि वाचलेल्या विज्ञानकथांतून आणतो.

कल्पना करण्यात गैर काहीच नाही. मात्र चित्रातलं मोजलेलं कुठे संपतं आणि रंगवलेलं कुठे सुरू होतं, हे वाचकाला ओळखता आलं पाहिजे. त्यासाठी मंगळापासून सुरुवात करणं बरं, कारण तिथे ही सरमिसळ पहिल्यापासून शेवटपर्यंत कागदोपत्री नोंदलेली आहे.

मंगळावरचे कालवे

१८७७ साली मंगळ पृथ्वीपासून साधारण ५.६ कोटी किलोमीटरवर आला होता. मिलानचे खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी स्कियापारेल्ली यांनी त्या वेळी मंगळाच्या नकाशावर सरळ रेषांचं जाळं काढलं. पुढे १८९४ मध्ये पर्सिव्हल लॉवेल या सधन अमेरिकन गृहस्थांनी ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला स्वतःची वेधशाळा उभारली आणि सांगितलं की हे कालवे आहेत. वाळत चाललेल्या ग्रहावरचे लोक ध्रुवांवरच्या बर्फाचं पाणी विषुववृत्ताकडे आणत आहेत. सुएझ कालवा १८६९ मध्ये सुरू झाला होता, पनामाचं खोदकाम १८८१ मध्ये हाती घेतलं गेलं होतं. कालवा हीच त्या पिढीला माणसाच्या कर्तबगारीची सर्वांत मोठी खूण वाटत होती. मंगळावरच्या लोकांच्या हाती तिने कुदळ दिली यात आश्चर्य नाही.

१८९८ मध्ये एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ पुस्तकरूपात आली. तिच्यातले मंगळवासी थंड पडत चाललेल्या ग्रहावरून पृथ्वीवर चाल करून येतात. ही कथा अमेरिकेत सोळा वर्षांच्या रॉबर्ट गॉडर्ड या मुलाने वाचली आणि अवकाशप्रवासाचा ध्यास घेतला. १९२६ मध्ये द्रवइंधनावरचं पहिलं रॉकेट उडवलं ते त्यांनीच. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं. त्याने पाठवलेल्या बावीस छायाचित्रांत एकही कालवा नव्हता. होती ती विवरं. चुकीच्या निरीक्षणातून कथा आली, कथेतून रॉकेटाचा ध्यास आला आणि रॉकेटावरून गेलेल्या यानाने ते निरीक्षण खोडून काढलं.

पण एवढ्या जाणकार माणसांना नसलेल्या रेषा दिसल्या कशा? ग्रिनिच वेधशाळेतले एडवर्ड मॉन्डर यांनी जे. ई. इव्हान्स यांच्यासह १९०३ मध्ये याची परीक्षा घेतली. रेषा नसलेली, नुसते ठिपके-डाग असलेली चित्रं त्यांनी वेगवेगळ्या अंतरांवर बसलेल्या शाळकरी मुलांपुढे ठेवली आणि दिसेल ते काढायला सांगितलं. मुलांनी रेषा काढल्या.

हा प्रयोग बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुठल्याही शाळेच्या लांब व्हरांड्यात एका तासिकेत होतो. पांढऱ्या कार्डशीटवर १५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. त्यात आठ-दहा मिलिमीटरचे पाच-सहा मोठे डाग द्या. डागांच्या मधल्या जागेत काळ्या पेनने एक ते दीड मिलिमीटरचे ठिपके विखरा, एकमेकांपासून दोन-तीन मिलिमीटरवर, थोडे इकडे-तिकडे. दोन ठिपके जोडणारी रेघ एकही नको. शीट डोळ्यांच्या उंचीवर, उजेडात लावा. मुलांच्या तीन रांगा करा: ४ मीटर, ८ मीटर आणि १५ मीटरवर. पाच मिनिटं द्या आणि कुणी कुणाची वही पाहणार नाही याकडे लक्ष ठेवा.

निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या अंतरावरचे दोन बिंदू कसेबसे वेगळे दिसतात. ८ मीटरवर हे अंतर सव्वादोन मिलिमीटर होतं. म्हणजे पुढच्या रांगेला ठिपके सुटे दिसतील, शेवटच्या रांगेला नुसती करडी छाया दिसेल, आणि मधल्या रांगेतली बरीच मुलं सरळ रेघा ओढतील, कारण अर्धवट दिसणारे ठिपके मेंदू जोडून घेतो. प्रयोग फसतो तो बहुधा तीन कारणांनी. मुलांनी शीट आधी जवळून पाहिलेली असते. ठिपके फार ठळक, मोठे पडलेले असतात. किंवा शिक्षकांच्या तोंडून ‘कालवे’ हा शब्द आधीच निघून गेलेला असतो. तिसरं कारण तर मुद्दाम करून पाहावं. एका वर्गाला काहीच न सांगता चित्र दाखवा, दुसऱ्याला ‘यात कालवे आहेत का पाहा’ असं सांगा आणि दोन्ही वर्गांच्या वह्यांतल्या रेघा मोजा. गोष्ट आधी कानावर पडली की डोळा काय पाहतो, ते त्या आकड्यांतून मुलांना नेमकं कळतं.

ढग म्हणजे पाऊस नव्हे

शुक्राच्या बाबतीत चूक डोळ्यांची नव्हती, तर्काची होती. शुक्र कायम ढगांनी झाकलेला दिसतो. ढग आहेत म्हणजे पाणी, पाणी आहे म्हणजे पाऊस, सूर्य जवळ आहे म्हणजे उष्ण दलदल आणि घनदाट झाडी. स्वीडनचे नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनीही १९१८ मध्ये शुक्राचं असंच पाणथळ वर्णन केलं होतं, आणि पुढची चाळीस वर्षं विज्ञानकथा त्या दलदलीत रमल्या. डिसेंबर १९६२ मध्ये मरिनर २ शुक्राजवळून गेलं आणि तापमानाचा अंदाज भट्टीसारखा निघाला. पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सियस आणि पृथ्वीच्या नव्वद पटींहून अधिक दाब आहे. ढग सल्फ्युरिक आम्लाचे आहेत; त्यांतून पडणारे थेंब जमिनीवर पोचण्याआधीच विरून जातात.

विज्ञानकथांतली आणखी एक सवय इथेच तपासू. अख्खा ग्रह वाळवंट, अख्खा ग्रह जंगल, अख्खा ग्रह बर्फ. एका बेळगाव जिल्ह्यात काय आहे ते पाहा. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून सरळ रेषेत दीडशेएक किलोमीटरवरच्या अथणीला पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास मिळतो. सह्याद्री वाफेने भरलेल्या वाऱ्याला वर चढवतो, वारा थंड होऊन पाणी टाकतो आणि पलीकडे कोरडा उतरतो. समुद्र, हवा आणि डोंगर असलेल्या कुठल्याही ग्रहावर हे होणारच. त्याशिवाय गोल ग्रहावर विषुववृत्ताला जास्त ऊन आणि ध्रुवांना कमी. त्यामुळे नद्या-समुद्र असलेला ग्रह एकसारखा दाखवला असेल तर लेखकाने हवामानाचा विचार केलेला नाही असं समजावं.

उलट बाजूही खरी आहे. पाणी वाहत नसलेले ग्रह खरोखरच बरेचसे एकसुरी असतात. मंगळ सगळा वाळवंट आहे. गुरूचा उपग्रह युरोपा सगळा बर्फाने मढलेला आहे. शुक्राच्या जाड हवेमुळे त्याच्या दिवसाच्या आणि रात्रीच्या बाजूंच्या तापमानात फारसा फरक पडत नाही.

मंगळाचा तांबडा रंग आपल्याकडच्या जांभ्या दगडाशी नातं सांगतो, दोन्हीकडे रंग लोहाच्या ऑक्साइडांचा. पण रंग जुळला म्हणून इतिहास जुळत नाही. जांभा तयार व्हायला उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस लागतो. पाणी खडकातली सिलिका धुऊन नेतं आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहतं. सिनेमातला मंगळ आणखी एका बाबतीत फसवतो, तो वादळाच्या. तिथल्या हवेची घनता पृथ्वीच्या साठाव्या भागाएवढी आहे. वाऱ्याचा रेटा घनता आणि वेगाचा वर्ग यांवर ठरतो, म्हणून मंगळावरचा ताशी १०० किलोमीटरचा वारा अंगाला आपल्याकडच्या ताशी १३ किलोमीटरच्या झुळकीएवढाच जाणवेल. यान उलथवणारं वादळ तिथे होत नाही. सूर्यास्ताला मात्र सूर्याभोवतीचं आकाश खरंच निळसर दिसतं, बारीक धुळीमुळे. हे कुठल्याही कथाकाराने आधी सांगितलं नव्हतं; यानांनी पाठवलेल्या फोटोंतून ते कळलं.

आकडे येतात कुठून

दूरच्या ग्रहांसाठी मुख्य पद्धती दोन. पहिली अधिक्रमणाची. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो, त्या घटीवरून ग्रहाचा व्यास काढतात. सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून गुरू गेला तर घट सुमारे १ टक्का. पृथ्वी गेली तर ०.००८४ टक्के. तीही कक्षा नेमकी आपल्या दृष्टिरेषेत असेल तरच. पृथ्वीसारख्या कक्षेसाठी ही शक्यता अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणजे दोनशे ताऱ्यांमागे एक. घट एकदा दिसून भागत नाही. ताऱ्यावरचा डाग, मागे लपलेले एकमेकांना झाकणारे जोडतारे, उपकरणातला दोष, कशानेही अशी घट येऊ शकते. म्हणून ठरावीक अंतराने निदान तीन घटी पाहतात. पृथ्वीसारख्या ग्रहासाठी याचा अर्थ दोन वर्षांहून लांब, अखंड पहारा.

दुसरी पद्धत डुलण्याची. ग्रहाच्या ओढीने तारा पुढेमागे हलतो आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात. गुरू सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने हलवतो, पृथ्वी जेमतेम नऊ सेंटिमीटर. यावरून वस्तुमान मिळतं, पण कक्षेचा कल माहीत नसेल तर ते ‘कमीत कमी एवढं’ असं असतं. बातमीतून हे तीन शब्द नेहमी गळतात.

१९९५ मध्ये मिशेल मेयर आणि डिडिए क्वेलोझ यांना या पद्धतीने ५१ पेगासी ताऱ्याभोवती गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह सापडला, २०१९ चं नोबेल त्यासाठी मिळालं. त्याचं वर्ष ४.२ दिवसांचं. एवढा मोठा ग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि ही नुसती कथाकारांची गोष्ट नाही. खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रुव्ह यांनी १९५२ मध्येच लिहून ठेवलं होतं की असे ग्रह असू शकतात आणि दोन्ही पद्धतींनी शोधता येतील. चाळीस वर्षं त्याकडे फारसं कुणी वळलं नाही, कारण आपल्या सूर्यमालेत मोठे ग्रह लांब आहेत म्हणून सगळीकडे तसंच असणार असं गृहीत होतं. मला ही लॉवेल यांच्या कालव्यांइतकीच मोठी चूक वाटते. तिथे नसलेलं दिसलं, इथे असलेलं शोधलंच नाही.

५१ पेगासी आपल्या आकाशात सहज गाठता येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री साडेआठ-नऊला भाद्रपदांचा मोठा चौकोन जवळजवळ डोक्यावर असतो. त्याची पश्चिमेकडची बाजू म्हणजे पूर्वा भाद्रपदाचे दोन तारे. त्या दोघांच्या मध्यापासून दीड अंश पश्चिमेला, लांब धरलेल्या हाताच्या एका बोटाएवढ्या अंतरावर, हा मंद तारा आहे. शहरात द्विनेत्री लागेल. जांबोटीच्या बाजूला चंद्र नसलेल्या रात्री नुसत्या डोळ्यांनीही दिसावा.

बातमीतला ग्रह वहीवर

वस्तुमान आणि व्यास पृथ्वीच्या पटीत दिले असतील तर दोन गोष्टी लगेच काढता येतात. घनता काढायला वस्तुमानाला त्रिज्येच्या घनाने भागा आणि ५.५ ने, म्हणजे पाण्याची घनता १ धरून पृथ्वीची जी येते तिने, गुणा. गुरुत्वाकर्षण काढायला वस्तुमानाला त्रिज्येच्या वर्गाने भागा.

माउंट अबूच्या दुर्बिणीवरच्या ‘पारस’ वर्णपटमापकाने भारतीय शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये एका ग्रहाचं वस्तुमान मोजलं: पृथ्वीच्या सुमारे २७ पट, त्रिज्या सहापटीहून किंचित जास्त, वर्ष साडेएकोणीस दिवसांचं. २७ भागिले ६.१ चा घन (२२७) म्हणजे ०.१२; गुणिले ५.५ केलं की घनता ०.६५. पाण्याहून कमी. तिथे उभं राहायला जमीन दाखवणारं चित्र त्याच क्षणी बाद होतं.

आता गाजलेला के२-१८बी घ्या, १२४ प्रकाशवर्षांवरचा. वस्तुमान ८.६, त्रिज्या २.६. घनता २.७ येते, गुरुत्वाकर्षण १.२७ पट; इथला ६० किलोचा माणूस तिथे ७६ किलोंचा भासेल. पृथ्वीची घनता ५.५, नेपच्यूनची १.६, हा मधे कुठेतरी. खडकाच्या गाभ्यावर जाड वायू असेल, किंवा भरपूर पाणी आणि थोडा वायू असेल. घनतेवरून दोन्ही बसतं. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दाखवले. एप्रिल २०२५ मध्ये पृथ्वीवर सागरी प्लवकांपासून येणारा एक वायूही असल्याचा दावा झाला. तीच नोंद इतर गटांनी तपासली तेव्हा पुरावा अपुरा ठरला. दरम्यान बातम्यांतल्या चित्रात निळा समुद्र येऊन बसला होता.

तापमानाच्या आकड्याकडे तर फारच सावधपणे पाहावं. बहुतेक वेळा तो मोजलेला नसतो, ताऱ्याचा प्रकाश आणि अंतर यांवरून काढलेला असतो आणि त्यात वातावरणाची ऊब धरलेली नसते. याच हिशेबाने पृथ्वी उणे १८ अंश येते, प्रत्यक्षात सरासरी १५ आहे. शुक्र उणे ४० च्या आसपास येतो, प्रत्यक्षात ४६५. ‘वासयोग्य पट्ट्यात आहे’ याचा अर्थ एवढाच की योग्य वातावरण असेल तर पाणी द्रवरूपात राहू शकेल. त्या ‘असेल तर’वरच सगळं अवलंबून आहे. ट्रॅपिस्ट-१ ताऱ्याच्या सात ग्रहांची चित्रं २०१७ मध्ये जगभर झळकली. २०२३ मध्ये वेबने त्यांतल्या सर्वांत आतल्या ग्रहाची उष्णता मोजली तेव्हा दिवसाची बाजू सुमारे २३० अंश निघाली, वातावरण जवळपास नसल्याचंच लक्षण.

कधी कधी रंगही मोजता येतो. एचडी १८९७३३बी हा ग्रह ताऱ्यामागे गेला तेव्हा प्रकाशातली निळी छटा तेवढी घटली, ते हबल दुर्बिणीने टिपलं आणि २०१३ मध्ये ग्रह गडद निळा असल्याचं जाहीर झालं. निळेपणा मोजलेला. ‘तिथे काचेचा पाऊस पडतो’ हे मात्र अनुमान, हवेत सिलिकेटचे कण असावेत यावरून काढलेलं. आणि दोन सूर्यांचा मावळता देखावा १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये आला, तसा दोन ताऱ्यांभोवती फिरणारा ग्रह केप्लर-१६बी २०११ मध्ये खरोखर सापडला. तोही शनीसारखा, सूर्यास्त पाहायला पाय टेकवण्याजोगी जमीन नाही.

आकड्यांवर उभी राहिलेली कथा

विज्ञानकथालेखक हॅल क्लेमेंट यांनी १९५३ च्या ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ या कादंबरीसाठी ६१ सिग्नी ताऱ्याजवळ तेव्हा सापडल्याचं मानल्या गेलेल्या जड सोबत्याचा आधार घेतला. अठराएक मिनिटांत स्वतःभोवती फिरणारा चपटा ग्रह. विषुववृत्तावर गुरुत्वाकर्षण तिप्पट, ध्रुवाकडे शेकडो पट. नंतर वाचकांनी गणित पुन्हा करून ध्रुवावरचा आकडा बराच खाली आणला आणि लेखकाने ते मान्य केलं. तो मूळ सोबती खगोलशास्त्राने नंतर फेटाळला. तरीही कथेतलं भौतिकशास्त्र शिकवण्याजोगं राहिलं, कारण तपासता येईल असं गणित तिच्यात होतं. मराठीत हा मार्ग कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी रुंद केला. ‘कृष्णविवर’ ही पहिली कथा त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. खगोलशास्त्रज्ञच कथा लिहितो तेव्हा काय बदलता येतं आणि काय नाही, याची शिस्त आपोआप येते.

लिहू पाहणाऱ्या मुलांना आम्ही प्रॉक्सिमा बी सुचवू, सर्वांत जवळच्या ताऱ्याचा २०१६ मध्ये सापडलेला ग्रह, ४.२४ प्रकाशवर्षांवर. प्रॉक्सिमा स्वतः डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्या शेजारचा ‘मित्र’ (अल्फा सेंटॉरी) हा तेजस्वी तारा मे महिन्याच्या मध्यावर रात्री पावणेबाराला बेळगावहून दक्षिण क्षितिजावर तेरा अंशांवर येतो. त्यासाठी येळ्ळूरचा राजहंसगड उत्तम. दक्षिणेकडे तोंड केलं की शहराचा उजेड पाठीशी राहतो. जूनपासून ढग, म्हणून मे सोडू नये.

कथेत बदलता न येणाऱ्या गोष्टी अशा: वर्ष ११.२ दिवसांचं. ग्रहावरून तारा आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद दिसतो. मिळणारी ऊर्जा पृथ्वीच्या सुमारे दोन-तृतीयांश, पण बहुतेक अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, म्हणून भरदुपारही मंद. वस्तुमान कमीत कमी पृथ्वीएवढं किंवा थोडं जास्त. ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असण्याची शक्यता मोठी. आणि तारा भडकतो: २०१९ मध्ये टिपलेल्या एका भडक्यात त्याचा अतिनील प्रकाश काही सेकंदांत १४,००० पट वाढला होता. वस्ती दाखवायची तर ती जमिनीखाली किंवा पाण्याखाली दाखवा, नाहीतर ग्रहाला जाड वातावरण द्या. द्यायला हरकत नाही. त्या ग्रहाची त्रिज्या, हवा आणि पाणी यांतलं काहीही अजून कुणी मोजलेलं नाही.